आपलं आणि परकं : शरीराला कसं कळतं?



मागच्या व्याख्यानात 'मी म्हणजे कोण' हा प्रश्न आपण स्मृतीच्या अंगाने पाहिला. आज तोच प्रश्न शरीराच्या अंगाने घ्यायचा आहे. सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. आमच्या नावाआधी डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. आमच्या चिठ्ठीवर कुठलाही केमिस्ट औषध देणार नाही, आणि देऊही नये. आज जे सांगणार आहोत ते वाचून आणि जाणकारांना विचारून समजून घेतलेलं आहे. आजारावरचा सल्ला आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

मग हा विषय आम्ही घेतलाच कशाला? त्याला पन्नास वर्षांपूर्वीचं एक कारण आहे.

१९७४ साल. आम्ही नुकतेच एम.ए. होऊन कॉलेजात शिकवायला लागलो होतो. आमची थोरली बहीण, आक्का, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. पदरात दोन लहान मुलं. आधी तिच्या बोटांचे सांधे दुखायला लागले, मग रोज संध्याकाळी कणकण, मग दोन्ही गालांवर लाल चट्टे. कुणी म्हणालं अंगात उष्णता आहे, कुणी म्हणालं बाळंतपणात आबाळ झाली, कुणी दृष्ट काढली. वर्ष-दीड वर्षाने निदान झालं, ल्युपस. डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं, "तुमचं शरीर तुमच्याच पेशींवर हल्ला करतंय." त्या रात्री आक्काने आम्हाला विचारलं, "अरे, तू तत्त्वज्ञान शिकवतोस ना? मग सांग, माझंच शरीर माझ्यावर का उलटलं?" आमची पंचविशी, शांकरभाष्य नुकतंच वाचलेलं. आम्ही ऐटीत म्हणालो, "आक्का, शरीर म्हणजे तू नव्हेसच." ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग दुखतं ते कुणाचं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आक्का १९८३ साली गेली. आजचं व्याख्यान म्हणजे तिच्या प्रश्नाचा उशिराने केलेला अभ्यास समजा.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो

इम्युनिटीला आपण मराठीत प्रतिकारशक्ती म्हणतो. शक्ती म्हटलं की ती कमी-जास्त होणार, वाढवता येणार, हे ओघानेच आलं. करोनाच्या काळात तर घराघरांत काढे उकळत होते, आणि प्रत्येक पुडीवर 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं छापलेलं होतं. या शब्दामुळे आपल्या डोक्यात एक तराजू तयार होतो. शक्ती कमी पडली की जंतू जिंकतात. जास्त झाली की ती स्वतःच्याच शरीरावर चालून जाते. पहिल्या प्रकारात काही मुलं जन्मतःच सापडतात. त्यांच्या जनुकांतच प्रतिकारयंत्रणेचा एखादा भाग घडवण्याची सूचना बिघडलेली असते. दुसऱ्या प्रकाराला ऑटोइम्यून आजार म्हणतात. ल्युपस, संधिवाताचा र्‍हुमॅटॉइड प्रकार, लहान मुलांचा टाइप-१ मधुमेह, थायरॉइडचा हाशिमोटो आजार हे सगळे त्यातले. तराजूच्या हिशेबाने हे दोन प्रकार एकमेकांचे विरोधी झाले. एकात उणे, दुसऱ्यात अधिक.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की हा तराजू चुकीचा आहे. या यंत्रणेचं मुख्य काम ओळखण्याचं आहे. आपलं कोण, परकं कोण, आणि परक्यांतलं घातक कोण, हे तिला ठरवावं लागतं. आपल्या परंपरेत याला एक नेमका शब्द आहे, विवेक. विवेकाचा मूळ अर्थच वेगळं करणं, निवडणं असा आहे. विवेक बिघडला की एकाच माणसात दोन्ही आजार एकदम दिसू शकतात, आणि प्रत्यक्षात तसे दिसतात. ते कसं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

एर्लिख यांच्या बकऱ्या

१९०० सालच्या सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख आणि त्यांचे सहकारी यूलियस मॉर्गेनरोट यांनी एक प्रयोग केला. एका बकरीला दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचलं. त्या बकरीच्या शरीराने परक्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडं तयार केली. प्रतिपिंडं म्हणजे करोनात आपण रोज ऐकत होतो त्या अँटिबॉडीज. मग तिला तिचंच रक्त टोचलं, तर काहीच झालं नाही. एर्लिख यांनी याला लॅटिन नाव दिलं, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. स्वतःवरच विष चालवण्याची शरीराला वाटणारी धास्ती, असा त्याचा भाव.

नाव इतकं भारदस्त होतं की पुढच्या पिढीने त्याचा सिद्धान्तच करून टाकला. स्वतःविरुद्ध प्रतिपिंडं होणं शक्यच नाही, असं धरून चालले. वास्तविक १९०४ मध्येच व्हिएन्नात डोनाथ आणि लांडश्टायनर यांनी पुरावा दिला होता. थंडीत गेल्यावर लाल लघवी होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडं त्यांना सापडली. पण हा अपवाद म्हणून बाजूला पडला. १९५६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये, आणि लंडनमध्ये रॉइट आणि डोनिआक यांनी हाशिमोटोच्या रुग्णांमध्ये, स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. आज या सभागृहात सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेऊन आलेले किती जण आहेत, हात वर नका करू, पण बरेच असतील. त्यांतल्या अनेकांच्या आजाराचं मूळ हेच.

आमच्या विषयातल्या माणसांनी यातून एक धडा घ्यावा. 'असं असणं तर्काला धरून नाही' आणि 'असं घडत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत.

ज्याची ओळख झाली ते आपलं

मग शरीराला आपलं कोण हे कळतं कसं? जन्मजात कळतं की शिकावं लागतं? इथे मुंबईतलं एक उदाहरण घेऊ.

१९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची नोंद केली. आज तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणूनच ओळखला जातो. ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं असं आपण शाळेत शिकलो. पण ओ गटाच्या पेशींवर एच नावाचा एक रेणू असतो. ए आणि बी हे त्याच्याच पायावर उभे राहतात, त्यामुळे तो कमी-अधिक प्रमाणात आपल्या सर्वांकडे असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तो नसतोच. म्हणून त्याच्या शरीराला एच परका वाटतो, आणि ओ गटाचं रक्त दिलं तरी ते फोडलं जातं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

हा आजार नव्हे बरं का. पण यातून काय दिसतं बघा. एच हा रेणू मुळात ना आपला आहे ना परका. ज्याच्या अंगात तो पहिल्यापासून आहे त्याचा तो आपला, ज्याला तो कधी भेटलाच नाही त्याला तो परका. १९४५ साली अमेरिकेत रे ओवेन यांना जुळ्या वासरांमध्ये हेच उलट बाजूने दिसलं होतं. पोटात असताना ज्या जुळ्यांचा रक्तप्रवाह एकमेकांत मिसळला होता, ती मोठी झाल्यावरही एकमेकांच्या रक्तपेशी खुशाल बाळगून होती. ऑस्ट्रेलियातल्या बर्नेट यांनी यावरून तर्क मांडला की शरीर आपलेपणा शिकतं. इंग्लंडमध्ये मेडावार आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली उंदरांवर ते सिद्ध केलं. १९६० चं नोबेल या दोघांना मिळालं. 'सेल्फ', म्हणजे 'स्व', हा आमच्या विषयातला शब्द जीवशास्त्रात रुळला तो मुख्यतः बर्नेट यांच्यामुळे.

छातीतली शाळा

ही शिकवणी चालते कुठे? छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. १९६१ पर्यंत तिला फारसं काम नाही असाच समज होता. जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा कळलं की तिच्याशिवाय प्रतिकारयंत्रणा उभीच राहत नाही. तिथे टी पेशी तयार होतात.

आपण लग्नघराचं उदाहरण घेऊ. कार्यालयाच्या दाराशी एक पोरगा उभा केला आहे. आगंतुकांना अडवायचं हे त्याचं काम. पण हा पोरगा नवखा. म्हणून आदल्या रात्री त्याला घरातला फोटोंचा अल्बम दाखवतात. हे मामा, या आत्याबाई, हे नागपूरचे काका. अल्बम पाहून झाला की मगच त्याला दाराशी उभं करायचं.

थायमसमध्ये टी पेशींच्या दोन परीक्षा होतात. पहिली अशी की, पेशी आपल्या पृष्ठभागावर प्रथिनांचे जे तुकडे मांडून दाखवतात, ते हिला वाचता तरी येतात का? येत नसतील तर ती बाद. दुसरी परीक्षा अशी की, शरीराचेच तुकडे दाखवल्यावर ती चवताळून उठते का? उठली तर तीही बहुधा बाद. बाद म्हणजे तिथेच मरण. शंभरातल्या पाचसुद्धा पेशी या शाळेतून बाहेर पडत नाहीत. इतक्या कडक निकालाची शाळा आम्ही दुसरी पाहिली नाही.

आता अडचण लक्षात घ्या. इन्शुलिन तयार होतं स्वादुपिंडात. थायमसमधल्या पेशीला ते दिसणार कसं? तिथे 'आयर' नावाचं एक जनुक कामाला येतं. त्याच्यामुळे थायमसच्या आतल्या भागातल्या काही पेशी शरीरभरची हजारो प्रथिनं थोडी थोडी स्वतःच बनवून दाखवतात. म्हणजे हाच तो अल्बम. १९९७ मध्ये हे जनुक सापडलं, २००२ मध्ये त्याचं हे काम उलगडलं. आयर बिघडलेली मुलं जगात मोजकीच आहेत, त्यातल्या त्यात फिनलंड आणि सार्डिनियात जास्त. त्यांच्या अल्बममधली पानंच गळालेली असतात. मग दाराशी उभा पोरगा घरच्याच काकांना अडवतो. या मुलांच्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी नष्ट होतात, रक्तातलं कॅल्शियम उतरतं, पुढे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथीही जातात.

इथे आम्हाला दिङ्नागाची आठवण होते. बौद्ध तर्कशास्त्रातला हा मोठा माणूस. त्याचा अपोहवाद असं सांगतो की 'गाय' या शब्दाचा अर्थ 'जे गाय नाही ते वगळणं' असा आहे. शब्द थेट वस्तूला हात घालत नाही, तो इतरांना दूर सारतो. टी पेशींची गोष्ट जवळजवळ अशीच आहे. 'स्व म्हणजे अमुक' अशी व्याख्या कुठल्याही पेशीजवळ लिहिलेली नाही. स्वतःवर चवताळणाऱ्या पेशी वगळत गेलं की जो समूह उरतो, त्याचं गप्प राहणं म्हणजेच शरीराने स्वतःला ओळखणं.

पहारेकऱ्यांवरचे पहारेकरी

ही शाळा कितीही कडक असली तरी काही चुकार पेशी बाहेर पडतातच. तुमच्याआमच्या, अगदी ठणठणीत माणसांच्या रक्तातही स्वतःविरुद्ध जाऊ शकणाऱ्या पेशी आहेत. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? जपानमध्ये शिमोन साकागुची याच प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागले होते. नवजात उंदराची थायमस तिसऱ्या दिवशी काढली तर त्याची प्रतिकारयंत्रणा लुळी पडण्याऐवजी स्वतःवरच उलटते, हे निरीक्षण आधीपासून होतं. साकागुची यांनी दाखवलं की निरोगी उंदराच्या काही खास टी पेशी दिल्या तर हे टळतं. इतरांना आवरणाऱ्या या नियामक टी पेशींची ओळख त्यांनी १९९५ साली पटवली.

तिकडे अमेरिकेत ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकापासून उंदरांची एक जात जपलेली होती. तिच्यातले काही नर कातडी खवलेदार होऊन काही आठवड्यांतच मरायचे. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागचं जनुक शोधलं, फॉक्सपी-३. तेच जनुक बिघडलं की माणसाच्या मुलग्यांना तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, मधुमेह आणि इसब होतो, हेही कळलं. हे जनुक म्हणजे नियामक पेशींची किल्ली निघालं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं ते यासाठी.

या आजाराची मोजदाद वैद्यक कुठे करतं ठाऊक आहे? जन्मजात प्रतिकार-उणिवांच्या यादीत. मुलाचं शरीर स्वतःला पोखरतंय, आणि तरी त्याचं नाव उणीव. कारण उणीव आवरणाऱ्या पेशींची आहे. तराजूचं चित्र इथे पहिल्यांदा मोडतं.

ज्या घराला पहाराच नाही

आता दुसऱ्या बाजूला येऊ. योगायोग असा की बॉम्बे रक्तगटाच्याच वर्षी, १९५२ साली, अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन यांच्यापुढे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया आणि रक्तात जंतुसंसर्ग व्हायचा. त्याच्या रक्ताची नव्या पद्धतीने तपासणी केली तर गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा सगळा वाटाच, गायब. ब्रूटन यांनी दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन त्याला टोचायला सुरुवात केली आणि मुलगा सावरला. जन्मजात प्रतिकार-उणिवेची ही पहिली स्पष्ट ओळख मानली जाते.

याहून भयंकर प्रकार म्हणजे ज्यात टी पेशीच नसतात आणि अख्खी यंत्रणाच कोलमडते. डेव्हिड व्हेटर हे नाव काहींनी ऐकलं असेल. २१ सप्टेंबर १९७१ रोजी ह्यूस्टन इथे तो जन्मला. त्याचा थोरला भाऊ याच आजाराने तान्हेपणी गेला होता, म्हणून डेव्हिडला जन्मताक्षणीच प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवलं. दूध, कपडे, खेळणी, सगळं निर्जंतुक करून आत जायचं. आईचा हात त्याच्या अंगाला लागायचा तो कक्षाला जोडलेल्या रबरी मोज्यातून. बारा वर्षं तो असाच राहिला. १९८३ मध्ये बहिणीचा अस्थिमज्जा त्याला दिला गेला. त्यात एक सुप्त विषाणू होता, तो तेव्हाच्या तपासण्यांत दिसला नाही. त्यातून कर्करोग झाला. फेब्रुवारी १९८४ मध्ये तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याला कक्षाबाहेर काढलं होतं, तेव्हा आईला त्याला पहिल्यांदा उघड्या हाताने स्पर्श करता आला.

डेव्हिडच्या आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर आहे. आईकडे दोन एक्स असतात. एक बिघडलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून ती निरोगी. मुलग्याकडे एकच एक्स. तो बिघडलेला मिळण्याची शक्यता प्रत्येक मुलग्याच्या वेळी निम्मी. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे असं मूल दगावलं की 'हे तुझ्या माहेरचं' असं सुनेला ऐकवणारी घरं आहेत. गुणसूत्रं कुणी निवडून देत नाही. शिवाय अनेकदा हा बदल त्या मुलातच किंवा त्याच्या आईतच नव्याने झालेला असतो. यात दोष कुणाचाच नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजी टोचतात. ते फार उपयोगी आहे, ते टाळायचं नाही. पण त्या लशीत जिवंत, दुबळे केलेले जंतू असतात. ज्या बाळाला टी पेशीच नाहीत त्याच्या अंगात तेच जंतू पसरतात. म्हणून घराण्यात तान्ही मुलं, विशेषतः मुलगे, जंतुसंसर्गाने गेलेले असतील, तर लपवू नका. बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ पासून प्रत्येक बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी सुरू केली. साडेतीन महिन्यांच्या आत अस्थिमज्जारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतरही जिवंत होती, असं तिकडच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं. इथे वेळेवर कळणं हाच अर्धा उपचार.

दोन्ही आजार एकाच घरात

आता मघाशी थांबवलेला धागा घेतो. आयर जनुक बिघडलेल्या मुलांना आणखी एक त्रास असतो. तोंडात आणि नखांत पांढरी बुरशी, जी जाता जात नाही. इतर जंतूंशी ही मुलं बऱ्यापैकी लढतात, मग बुरशीपुढेच का हरतात? २०१० साली उत्तर मिळालं. त्यांचं शरीर इंटरल्युकिन-१७ या स्वतःच्याच रेणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि बुरशीशी लढण्याचा निरोप हाच रेणू पोचवतो. लग्नघराच्या भाषेत सांगायचं तर दाराशी उभ्या पोराने बाहेरून मदत आणायला निघालेल्या घरच्याच माणसाला पकडून ठेवलं. ऑटोइम्यून आजारानेच इथे प्रतिकाराची उणीव निर्माण केली.

हे विरळ आजारातच घडतं असं समजू नका. २०२० मध्ये करोनाने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांची तपासणी झाली. त्यांतल्या किमान १०१ जणांच्या रक्तात इंटरफेरॉन या स्वतःच्याच विषाणुरोधक रेणूविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. सौम्य किंवा लक्षणविरहित आजार झालेल्या ६६३ जणांत एकाच्याही नाही. धडधाकट दिसणाऱ्या काही माणसांना करोनाने का गिळलं, याचं एक उत्तर इथे आहे.

उलटही घडतं. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा केर उचलला जातो. या कामात सी-१-क्यू नावाचं प्रथिन लागतं. ते जन्मतः नसलेल्या बहुतेकांना ल्युपस किंवा ल्युपससारखा आजार होतो. केर तसाच पडून राहतो, त्यातला डीएनए उघडा पडतो, आणि यंत्रणा त्यालाच शत्रू समजते. म्हणजे इथे उणिवेतून ऑटोइम्यून आजार. आक्काला नेमकं हेच झालं होतं असं आम्ही म्हणत नाही. बहुतेक ल्युपस अनेक जनुकं, संप्रेरकं आणि परिस्थिती यांच्या मिश्रणातून होतो, आणि तरुण बायकांना पुरुषांच्या कितीतरी पट. पण अधिक आणि उणे अशी वाटणी टिकत नाही, हे नक्की.

उपचारांतही तेच. ब्रूटन यांनी उणीव भरण्यासाठी दिलेलं गॅमा ग्लोब्युलिन स्वित्झर्लंडमध्ये पॉल इम्बाख यांनी वेगळ्याच मुलांना दिलं. त्या मुलांचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करत होतं. प्लेटलेट वाढल्या. १९८१ साली ते प्रसिद्ध झालं. एकच औषध, पहारा नसलेल्या घरालाही आणि बहकलेल्या पहाऱ्यालाही.

आणि स्टेरॉइड. त्यानेच आक्काचे सांधे सुटले, ताप उतरला, तिने दोन्ही मुलांना शाळेत घातलं. पण ते औषध निवड करत नाही, सरसकट सगळा पहारा ढिला करतं. १९८३ च्या पावसाळ्यात तिला क्षयाने गाठलं. त्यात कुणाची चूक नव्हती. त्या काळी जे होतं ते तिला मिळालं.

शक्ती वाढवायची म्हणजे कुणाची?

आता त्या काढ्यांकडे येऊ. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण दिसले. सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती, आणि सूज ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी होती. पुढे देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. वनस्पती नक्की गुळवेलच होती का, हा त्यांचा एक मुद्दा होता. आम्ही त्या वादात निवाडा देणारे कोण? गुळवेल घेणाऱ्या लाखोंना काही झालं नाही, हेही खरं. पण ज्याची यंत्रणा आधीच स्वतःवर उलटण्याच्या बेतात आहे, त्याने ती 'वाढवण्याची' भाषा करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, एवढं तरी यातून निघतं. लस मात्र वेगळी. लस यंत्रणेला एका नेमक्या शत्रूचा फोटो दाखवते. ते शिक्षण आहे.

आमचं मुख्य विवेचन इथे संपलं. प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*मुलं तर सारखीच आजारी पडतात. काळजी कधी करायची?*

बालवाडीतल्या मुलाला वर्षात अनेकदा सर्दी होते, त्यात वावगं काही नाही. पण वर्षात दोन वेळा न्यूमोनिया, महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊनही न हटणारा संसर्ग, पुन्हा पुन्हा खोल गळवं, वर्षाच्या पुढेही तोंडात टिकणारी बुरशी, वजन न वाढणं किंवा घराण्यात असा इतिहास, यांतलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा की प्रतिकारयंत्रणेची तपासणी करायची का. परळला केईएमच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या आजारांवर काम चालतं.

*ऑटोइम्यून आजार मनाच्या ताणामुळे होतात का? लोक म्हणतात, स्वतःवर प्रेम करा म्हणजे बरं होईल.*

ताणाने त्रास वाढतो असं बऱ्याच रुग्णांना जाणवतं. पण 'तुझं स्वतःवर प्रेम नाही म्हणून शरीर उलटलं' हे वाक्य क्रूर आहे. जुन्या काळी दृष्ट लागली म्हणायचे, आता हे म्हणतात. दोन्हींत रुग्णाच्या माथी काहीतरी मारणं आलं.

*आक्कांनी आज तोच प्रश्न विचारला तर काय सांगाल?*

पहिली गोष्ट, 'शरीर म्हणजे तू नव्हेस' हे सांगणार नाही. ज्याचं दुखतं तोच मी, हे तिचं म्हणणं आमच्या भाष्यापेक्षा पक्कं होतं. दुसरं असं सांगू की आक्का, तुझं शरीर तुझ्यावर उलटलेलं नाही. उलटायला वैर लागतं, आणि त्या पेशींना वैर ठाऊकच नाही. ते दाराशी उभं केलेलं पोर आहे. त्याला कुणीतरी अर्धाच अल्बम दाखवला, आणि तो आपल्या परीने घरच राखतोय. आता जर्मनीत काही ल्युपसच्या रुग्णांवर २०२१ पासून नवा उपचार करून पाहतायत. रुग्णाच्याच टी पेशींना शिकवून तिच्या बी पेशी पुसून टाकायच्या, आणि नव्या बी पेशींना पहिल्यापासून सुरुवात करू द्यायची. पहिल्या काही रुग्णांत तरी आजार लगेच परतला नाही. कदाचित पुढे तुझ्यासारखीला पुन्हा शाळेत बसवता येईल.

एवढं ऐकून ती काय म्हणाली असती, ते मात्र आम्हाला बरोबर ठाऊक आहे. "हे तेव्हा सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," असं म्हणाली असती, आणि चहा ठेवायला उठली असती.

पुढच्या व्याख्यानात भेटू.